अठ्ठावीस नंबरची पट्टी

"ही पट्टी गेली कुठे?"

अंबुलकर सरांनी फिल्म खिडकीच्या उजेडात धरली होती. डोळे बारीक करून त्यांनी ती वरपासून खालपर्यंत पाहिली आणि मग माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, जणू पट्टी मीच पर्समध्ये घालून घरी नेली होती.

"आली नाही, सर."

"आली नाही म्हणजे काय? तीन वर्षं येतेय. मागच्या महिन्यात आली. आज तिला काय ताप भरला?"

"सर, फिल्म उलटी धरलीय तुम्ही."

त्यांनी ती सुलटी केली. पट्टी त्या बाजूनेही नव्हती.

"बारा रकाने आणि बाराही कोरे!" ते ओरडले. "आम्ही जर्मनीत होतो ना, तेव्हा असली फिल्म घेऊन गाईडसमोर उभं राहायची कोणाची छाती नव्हती."

चौऱ्याण्णव सालचा एप्रिल होता, नागपुरातला. डॉ. विश्राम अंबुलकर माझे पीएच.डी.चे गाईड. दोन वर्षं जर्मनीत काढलेली, आणि पुढची बावीस वर्षं ती दोन वर्षं लोकांना ऐकवण्यात घालवलेली. पिपेट हातात धरून त्यांना पंधरा वर्षं तरी झाली असतील. आमच्या संस्थेच्या प्राणीगृहात तर ते पाऊलच टाकत नसत. वासाने म्हणे मळमळतं. उंदरांच्या जिवावर खुर्ची मिळवलेल्या माणसाला उंदराचा वास सोसवत नाही, आता बोला! मी त्यांच्यासमोर 'सर, सर' करायची आणि मनातल्या मनात या गृहस्थाची रोज सालं काढायची. माझ्या पाच वर्षांच्या संशोधनातला तेवढाच काय तो विरंगुळा होता.

त्या पट्टीबद्दल दोन शब्द सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. उंदराच्या छातीच्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी असते, माणसालाही असते. रोगाशी लढणाऱ्या पेशी तिथे तयार होतात. आम्ही उंदरांना प्रोलॅक्टिन टोचायचो. बाळंतिणीला दूध येतं ते या हार्मोनमुळे. ते टोचलं की त्या पेशींमधलं एक जनुक जागं होतं आणि एक प्रोटीन तयार करतं, असा आमचा शोध. त्या प्रोटीनचं वजन अठ्ठावीस हजार, म्हणून आम्ही त्याला अठ्ठावीस नंबर म्हणायचो. ते असेल तर फिल्मवर काळी पट्टी उमटायची, काजळाचं बोट ओढल्यासारखी. सहा उंदरांना हार्मोन, सहांना नुसतं मिठाचं पाणी. मग एकेकाला मारून ती ग्रंथी काढायची, एका उंदराचा फिल्मवर एक रकाना. मिठाच्या पाण्याचे सहा रकाने कोरे, हार्मोनच्या सहांत पट्टी. तीन वर्षं दर महिन्याला ही पट्टी न चुकता येत होती. माझा थिसिस म्हणजे ती पट्टी, आणि सरांची परदेशातली दोन व्याख्यानं म्हणजेही तीच पट्टी.

आमचा पेपर बाहेरच्या एका नियतकालिकाने जवळजवळ घेतलाच होता. परीक्षकांनी एवढंच म्हटलं होतं की, वर्णन केलेल्या पद्धतीने हा प्रयोग आणखी दोनदा करून फिल्म पाठवा. मे अखेरपर्यंत मुदत. पेपर स्वीकारल्याचं पत्र असल्याशिवाय थिसिस जमा करता येत नसे, आणि थिसिस जमा केल्याशिवाय मला अधिव्याख्यात्याच्या जागेवर रुजू होता येणार नव्हतं. नेमणुकीचं पत्र कपाटात होतं. तारीख एक जुलै. फेलोशिप मार्चमध्येच संपली होती. वय सत्तावीस, आणि ही जागा गेली तर दुसरी कधी निघेल ते ब्रह्मदेवालाही ठाऊक नव्हतं.

पहिल्या वेळी पट्टी आली. दुसऱ्या वेळी बाराच्या बारा रकाने कोरे.

चार दिवस मी एकेक गोष्ट तपासली. हार्मोनची कुपी चांगली होती. फिल्म ताजी होती. जुन्या उंदरांचा साठवलेला माल त्याच रसायनांत पुन्हा चालवला, तर पट्टी झकास आली. म्हणजे माझ्या टेबलावर सगळं ठीक होतं. घोटाळा उंदरांतच होता. आणि उंदीर म्हणजे मडावी.

शिवदास मडावी हे प्राणीगृहाचे अटेंडंट. पन्नाशीचे, अंगाने बारीक, बोलणं हळू. उंदरांची पैदास, दाणापाणी, पिंजऱ्यांची सफाई, सगळं तेच बघायचे. आज मी 'ते मडावी' म्हणतेय. तेव्हा मी 'तो मडावी' म्हणायची, आणि माझ्या लेखी तो पिंजरे धुणारा माणूस होता. माझी मदतनीस मुलगी फेब्रुवारीत लग्न होऊन गेली, म्हणून मार्चपासून प्रयोगाच्या दिवशी मडावी आत मदतीला थांबायला लागले होते. त्याआधी गाडी दारापर्यंत आणून देणं एवढंच त्यांचं काम होतं. दारातून ती आत मी ओढायची.

मी तावातावाने खाली गेले तेव्हा ते पिंजऱ्यांत भुसा पसरत होते.

"मडावी, त्या दिवशी इंजेक्शनं कुठे ठेवली होती?"

"बर्फात, मॅडम. तुमी ठेवली तिथंच."

"आणि उंदीर? मिठाचे पांढऱ्या कार्डाचे आणि हार्मोनचे गुलाबी कार्डाचे, सरमिसळ झाले असतील."

"नाई जी. एकोनीस वर्सं झाली, एक उंदीर इकडचा तिकडं नाई केला म्या."

"मग वेगळं काय केलंत? आठवा. काहीतरी केलंच असणार तुम्ही."

त्यांचा भुशातला हात थांबला. "गाडी भायेर ठेवली," ते म्हणाले.

"कुठली गाडी?"

"पिंजऱ्याची. तुमी तिले आत टेबलापाशी घेता. म्या व्हरांड्यात ठेवली अन् एकेक उंदीर हातावर घेऊन आत आनला."

"कोणी सांगितलं होतं?"

"कोनी नाई."

"मग नसती अक्कल कशाला पाजळलीत?"

याच शब्दांत बोलले मी. माझ्या वडिलांपेक्षा दोन-चार वर्षांनीच लहान असलेल्या माणसाला.

ते रागावले नाहीत. हाताचा भुसा झटकला. "मॅडम, मागच्या टायमाले म्या पयल्यांदा आत थांबलो. तुमचं ध्यान टेबलाकडं होतं, माह्यं गाडीकडं. पयल्या उंदराचं झालं का बाकीचे सारे कोपऱ्यात जाऊन बसले. रगताचा वास येते ना त्यायले. शेवटच्या पिंजऱ्यातले तर दोन घंटे नुसते थरथरून रायले होते. मले पाहवलं नाई."

"अहो, उंदीर आहेत ते. मरायचेच आहेत."

"मरायचेच हायेत, मंग भेवाडून काहून मारा?"

मी मोठ्याने हसले. "उद्यापासून त्यांना भजनंही ऐकवा," म्हणाले, आणि पाठ फिरवली. मागे भुशाची सळसळ पुन्हा सुरू झाली.

जिन्याच्या मधल्या वळणावर माझे पाय थांबले. माझं हसू कुठल्या कुठे पळालं. मी कठडा धरून तिथेच पायरीवर बसले.

प्राणी घाबरला की त्याच्या मूत्रपिंडावरच्या ग्रंथींतून एक हार्मोन रक्तात सुटतं. भीतीचं हार्मोन म्हणा. आणि शरीरातल्या सगळ्या पेशींत या हार्मोनला सगळ्यात हळव्या कोणत्या, तर थायमसमधल्या. हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. माझ्याच थिसिसच्या चौथ्या पानावर मी ते माझ्या हाताने लिहिलं होतं. छान वळणदार अक्षरात, खाली तीन संदर्भ देऊन.

आणि आमच्याकडे उंदीर मारायचा क्रम ठरलेला होता. आधी मिठाच्या पाण्याचे सहा, मग हार्मोनचे सहा. कात्री एकच, हार्मोनचा अंश मिठाच्या उंदरांना लागायला नको, म्हणून. हा नियम सरांनी जर्मनीहून आणलेला, त्यामुळे वेदवाक्य. मिठाचे उंदीर पहिल्या तासाभरात संपायचे. हार्मोनचे उंदीर तेवढा वेळ टेबलाशेजारी पिंजऱ्यात बसून राहायचे. दर महिन्याला, तीन वर्षं. अठ्ठावीस नंबरचा आणि दुधाच्या हार्मोनचा काडीचा संबंध नव्हता. ती पट्टी भीतीची होती, आणि ती मी स्वतः गाडी आत ओढून तयार करत होते.

दुसऱ्या दिवशी मी मडावींकडे बारा उंदीर मागितले. "बाराही जणांना नुसतं मिठाचं पाणी टोचायचं. आणि गाडी आत घ्यायची."

"आत काहून?"

"कारण तुम्ही म्हणता ते खरं आहे की नाही ते बघायचंय. एवढं एकदाच, मडावी. हे दिसलं की गाडी पुन्हा कधीच आत येणार नाही. मी शब्द देते."

ते कबूल झाले. पूर्ण वेळ ते गाडीकडे तोंड करून उभे राहिले. मधले उंदीर रिकाम्या पिंजऱ्यांच्या शेजारी अंगाचं मुटकुळं करून बसले होते. या वेळी मीही बघितलं, तीन वर्षांत पहिल्यांदा.

तिसऱ्या दिवशी दुपारी फिल्म धुऊन मी डार्करूमबाहेर आले तर मडावी दारात उभे. मी काही बोलायच्या आत त्यांनी फिल्मकडे मान वाकडी करून पाहिलं.

"पयले सहा कोरे," ते म्हणाले. "मांगचे सहा काये."

"तुम्हाला कळतं यातलं?"

"एकोनीस वर्सं झाली जी. कोनी दाखवत नाई, पन दिसते." मग म्हणाले, "म्हंजे दवाईचं काई नाई यात. भेवाचं हाय."

"हो, मडावीभाऊ," मी म्हणाले. भाऊ हा शब्द तेव्हा पहिल्यांदा तोंडातून निघाला. मला इतका आनंद झाला होता की त्यांच्या पाया पडायचंच बाकी होतं.

आनंद कशाचा, तेही सांगून टाकते. खरं काय ते सापडल्याचा थोडाफार असेल. खरा आनंद होता अंबुलकरचा माज उतरणार याचा. बावीस वर्षांचं जर्मनी एका फिल्मने मातीत जाणार होतं आणि ते बघायला मी पहिल्या रांगेत बसणार होते. मी वेणी नीट केली, तोंडावर पाणी मारलं आणि त्यांच्या खोलीत गेले.

"सर, हार्मोनचा काही संबंध नाही. हे बाराही मिठाच्या पाण्याचे. तरी शेवटच्या सहांत पट्टी आहे. बाकीचे मरताना बघून ते घाबरतात. ही पट्टी भीतीची आहे."

या वेळी त्यांनी फिल्म सुलटी धरली. खूप वेळ पाहत राहिले. चष्मा काढून धोतरासारखा लांबलचक रुमाल काढला आणि काचा पुसत बसले.

"हे कोणी कोणी पाहिलंय?"

"मी आणि मडावींनी."

"मडावीला काय धरतेस? आणखी कोणी?"

"नाही. सर, आपण नियतकालिकाला कळवायला हवं. आणि सर, हे पहिल्यापेक्षा चांगलं आहे! नुसत्या भीतीने जागं होणारं जनुक, तेही थायमसमध्ये. मला वर्षभर द्या, मी..."

"बस खाली."

मी बसले. पण जिभेला खाज सुटली होती. "सर, जर्मनीत उंदरांची गाडी कुठे उभी असायची?"

"मला काय माहीत? तिथे माणूस होता. एकेक उंदीर आणून द्यायचा."

"कुठून?"

"शेजारच्या खोली..." म्हणता म्हणता ते थबकले.

घ्या! अर्धा नियम बघून आले आणि अर्धा दाराबाहेर राहिला. माझ्या तोंडावर हसू उमटलं असणार, कारण सरांचा चेहरा एकदम बदलला. ओरडतील असं वाटलं होतं. ते अगदी हळू आवाजात बोलायला लागले.

"हसू येतंय ना? हस. पण मला एक सांग, कुंदा. तीन वर्षं त्या खोलीत कोण उभं होतं? मी? मी तर तिकडे फिरकतही नाही, अख्ख्या संस्थेला माहीत आहे. गाडी छत्तीस वेळा आत कोणी ओढली? एकदाही मान वर करून तिच्याकडे न बघणारी विदुषी कोण? थिसिसवर नाव कोणाचं आहे?"

त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला.

"मी दोन वर्षांनी रिटायर होतोय. माझं काय वाकडं होणार? फार तर चार लोक पाठीमागे हसतील. ते आत्ताही हसतात, मला काय कळत नाही? तूही हसतेस. पण तुझं काय? पाच वर्षं गेली. फेलोशिप संपली. एक जुलैला तिथे जाऊन काय सांगणार, माझे उंदीर घाबरले होते म्हणून थिसिस नाही?"

"पण सर, खोटं..."

"खोटं? कोण खोटं सांगतंय?" त्यांनी परीक्षकांचं पत्र माझ्यापुढे सरकवलं. "वाच. 'वर्णन केलेल्या पद्धतीने.' पद्धतीत व्हरांडा लिहिलाय का कुठे? नाही ना? मग जशी पद्धत होती तशीच कर. मी तुला एक आकडा बदल म्हणत नाही. माझ्या प्रयोगशाळेत खोटेपणा चालत नाही, लक्षात ठेव."

काय माणूस होता! अंगाला माती न लावता मला खड्ड्यात उतरवत होता, आणि वर सोवळं मिरवत होता. मला त्याची शिसारी आली. दार आपटून निघून जावं, संचालकांकडे जावं, पत्र लिहावं, असं सगळं मनात आलं. तिथून उठेपर्यंत मी त्याला मनात ज्या शिव्या घातल्या त्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत.

आणि मग मी दीड दिवस विचार केला. कपाटातलं नेमणुकीचं पत्र दोनदा काढून वाचलं. दीडच दिवस लागला.

सोमवारी प्रयोग ठेवला. सरांनी मडावींना तीन दिवसांची रजा परस्पर देऊन टाकली होती. गाडी मीच आणली. व्हरांड्यातून आत ओढली आणि नेहमीच्या जागेपेक्षा हातभर आणखी जवळ, टेबलाला लागूनच उभी केली. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. सरांनीसुद्धा नाही. पट्टी हमखास यावी म्हणून मी केलं. आधी मिठाचे सहा, मग हार्मोनचे सहा. मी गाडीकडे एकदाही बघितलं नाही, कारण बघितलं तर काय दिसेल ते आता मला ठाऊक होतं.

पट्टी काळीकुट्ट आली. तीन वर्षांतली सर्वांत सुरेख.

सरांनी संत्रा बर्फीचा डबा आणला. मला दोन तुकडे दिले. मी खाल्ले, आणि चांगली लागली बर्फी. घशाखाली उतरली नाही वगैरे सांगितलं तर बरं दिसेल, पण तसं झालं नाही.

पुढचं सगळं रीतसर झालं. पेपर आला, थिसिस गेला, एक जुलैला मी रुजू झाले. सात वर्षांनी दुसरीकडच्या लोकांनी शोधून काढलं की आमचा अठ्ठावीस नंबर भीतीच्या हार्मोनने जागा होतो. त्यांचं नाव झालं. आमच्याबद्दल त्यांनी एकच ओळ लिहिली, की प्रोलॅक्टिनचा परिणाम त्यांना आढळला नाही. सभ्य लोक होते. तोवर अंबुलकर सर सत्कार घेऊन निवृत्त झाले होते, आणि मी वर्गात मुलांना वैज्ञानिक प्रामाणिकपणा शिकवत होते. परीक्षेला त्यावर आठ मार्कांचा प्रश्नही काढायची.

पण तुम्हाला सांगायचंय ते हे नाही. बर्फी खाल्ली त्याच आठवड्यात एक कागद निघाला.

प्राणीगृहाच्या प्रमुखांनी विचारलं की ठरल्यापेक्षा चोवीस उंदीर जादा का लागले. त्याला उत्तर देणं भाग होतं. कोरी फिल्म आली म्हणून, हे खरं. पण कोरी का आली, हे कसं सांगणार? सरांनी मजकूर सांगितला आणि मी लिहून घेतला. अटेंडंट शि. लिं. मडावी यांनी हार्मोनची इंजेक्शनं बर्फाबाहेर ठेवल्यामुळे एक प्रयोग वाया गेला. चूक त्यांना मान्य आहे. खाली माझी सही, आणि शेजारी त्यांच्यासाठी जागा.

"त्याची नोकरी जाणार नाही," सर म्हणाले. "पंपहाऊसला बदली करून टाकू. आणि शाईचा पॅड घेऊन जा. अंगठा घ्यावा लागेल."

मी पॅड घेऊन खाली गेले.

मडावी रजेवरून आले होते आणि उंदरांच्या पाण्याच्या बाटल्या घासत होते. मी कागद ओट्याच्या कोरड्या भागावर ठेवला, शेजारी पॅड उघडून ठेवला. त्यांनी हात पुसले, अगदी बोटांच्या बेचक्यांपर्यंत, आणि कागद उचलला. वाचायला लागले. एकेक ओळ सावकाश, पहिल्यापासून माझ्या सहीपर्यंत. मी उभी होते. त्यांना वाचता येत असेल असं मला वाटलंच नव्हतं.

"बर्फाभायेर ठेवली," ते म्हणाले.

"नुसतं कागदावर आहे हो, मडावीभाऊ. नोकरीला धक्का नाही. पंपहाऊसला बदली होईल, एवढंच. प्रमुखांना काहीतरी कारण द्यावं लागतं ना."

"पट्टी आली?"

"आली."

"म्हंजे गाडी आत घेतली तुमी."

मी पॅड थोडा पुढे सरकवला.

"सरायनं सांगतलं?"

"हो! सरांनीच." मला केवढा आधार वाटला त्या प्रश्नाचा. "त्यांच्यापुढे माझं काय चालणार? तुम्हीच सांगा. माझी पाच वर्षं गेलीत यात, मडावीभाऊ. समोर नोकरी आहे, पुन्हा मिळायची नाही. तुम्हाला नाही कळायचं ते, पण माझ्या जागी दुसरं कोणीही असतं तरी त्याने हेच केलं असतं. मी काय करणार होते?"

ते ऐकून घेत होते. माझं संपल्यावर त्यांनी पॅडकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग हात पुढे करून माझ्या कोटाच्या खिशातलं पेन काढून घेतलं आणि रिकाम्या जागेत सही केली. शिवदास लिंगाजी मडावी, पूर्ण नाव, ठसठशीत. पेनाला टोपण लावून मला परत दिलं. पॅडचं झाकणही त्यांनीच बंद केलं.

खरं म्हणजे तिथून लगेच निघायला हवं होतं. पण मला त्यांच्या तोंडून काहीतरी चांगलं ऐकायचं होतं. असू द्या मॅडम, एवढं जरी म्हणाले असते तरी माझं भागलं असतं.

"पंपहाऊसला बरं पडेल तुम्हाला," मी म्हणाले. "हे असलं बघायला नको तिथे."

त्यांनी पुढची बाटली उचलली, नळाखाली धरली आणि आतून ब्रश फिरवायला लागले.

"तुमी भेल्या, मॅडम," ते बाटलीकडे बघतच म्हणाले.

"मडावीभाऊ, मी..."

"उंदरायचं समजते मले. ते पिंजऱ्यात होते."